जांभळाखालची खुर्ची आणि सात गाड्यांची जागा

पत्र :

ताई, सप्रेम नमस्कार.

डोंबिवली पूर्वेला आमची जुनी सोसायटी आहे. तीन मजली चार विंग, ४८ घरं. मागच्या बाजूला मातीचं अंगण आहे आणि त्यात दोन जांभळं, एक बकुळ, एक देशी बदाम. माझे सासरे ७६ वर्षांचे आहेत. सासूबाई गेल्यापासून ते रोज दुपारी चारला प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन जांभळाखाली जाऊन बसतात. त्यांच्याच वयाचे आणखी तिघं येतात. मी घाटकोपरला नोकरी करते. लोकलमधून उतरून, रिक्षाच्या रांगेत उभी राहून घरी पोचते, तेव्हा जिना चढण्याआधी दहा मिनिटं मीही तिथे बसते. ती दहा मिनिटं मिळाली नाहीत तर मी घरात सगळ्यांवर चिडते. हे माझ्या मुलीच्याही लक्षात आलंय.

आता कमिटीने ठरवलंय की अंगणात पेव्हर ब्लॉक बसवून सात गाड्यांचं पार्किंग करायचं. दोन्ही जांभळं तोडायची. बकुळ आणि बदाम शोभेसाठी ठेवायचे, त्यांच्याभोवती टाइल्सचा कट्टा बांधायचा. कारणं अशी : जांभळं पडून गाड्यांवर डाग पडतात, पावसाळ्यात पाय घसरतो, पानांनी गटार तुंबतं आणि सोसायटीत आता १९ गाड्या झाल्यात. महिनाअखेरीस सभा आहे. मी व्हॉट्सॲप ग्रुपवर विरोध लिहिला, तर ‘तुमची गाडी नाही म्हणून बोलताय’ असं उत्तर आलं. सेक्रेटरींच्या पत्नीने माझ्याशी बोलणं टाकलंय. नवरा म्हणतो, हे तुझ्या मनाचे खेळ आहेत, उगाच शेजाऱ्यांशी वैर घेऊ नकोस. झाडंच बघायची तर रविवारी ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात जाऊ. फ्लॅट सासऱ्यांच्या नावावर आहे, पण सभेला नेहमी नवराच जातो.

हे खरंच माझ्या मनाचे खेळ आहेत का? आणि दोन झाडांसाठी शेजार बिघडवावा का?

– एक वाचक, डोंबिवली

उत्तर :

मनाचे खेळ म्हणजे काही तरी खोटं, कल्पनेतलं, असं तुमच्या यजमानांना म्हणायचं असेल, तर नाही. तुम्ही सांगताय ते खरं आहे आणि त्याला कारण आहे.

तुमचा दिवस डोळ्यांसमोर आणा. सकाळी फलाटावर गाडी शिरताना डबा कुठे येणार याचा अंदाज घ्यायचा, पर्स पोटाशी धरायची, पाय कुठे टेकतोय ते बघायचं, पुढचं स्टेशन कोणत्या बाजूला ते लक्षात ठेवायचं. मग दिवसभर कार्यालय आणि संध्याकाळी तेच सगळं उलट्या दिशेने. यातल्या प्रत्येक क्षणी तुम्ही लक्ष ओढून-ताणून एका जागी ठेवत असता, आणि असं ताणलेलं लक्ष दमतं. रेचल आणि स्टीफन कॅप्लान या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९८९ साली याची सविस्तर मांडणी केली. दमलेल्या लक्षाची एक खूण म्हणून त्यांनी जे सांगितलं, ते तुमच्या मुलीने आधीच ओळखलंय : चिडचिड. आणि ते लक्ष पुन्हा ताजं व्हायला अशी जागा लागते, जिथे डोळ्यांना गुंतायला काही तरी आहे, पण बघण्याची सक्ती नाही. हलणारी पानं, मुंग्यांची रांग, फांदीवर आपापसांत भांडणारे बुलबुल. मोबाइल हे काम करत नाही, कारण तो तुमचं लक्ष पुन्हा ओढूनच घेतो. तेव्हा जिन्याआधीची तुमची दहा मिनिटं ही चैन नाही. तुम्ही घरच्यांसाठी माणसात येऊन वर जाता.

दहा मिनिटांनी असा काय फरक पडणार, असं कुणी विचारलं तर हेही सांगा. इंग्लंडमधल्या जवळपास २० हजार लोकांच्या माहितीवरून २०१९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांनी आठवड्यात एकूण १२० मिनिटं किंवा त्याहून जास्त वेळ बागेत, रानात, समुद्रकाठी घालवला होता, त्यांच्यात आपली तब्येत चांगली आहे, मन समाधानी आहे असं सांगणारे लोक बरेच जास्त निघाले. ते दोन तास एका दमात घालवले की तुकड्यातुकड्याने, याने फरक पडला नाही. आता, अशा अभ्यासातून झाडांमुळेच तब्येत सुधारली असं छातीठोक म्हणता येत नाही. तब्येत बरी असलेले लोकच जास्त बाहेर पडत असतील, हीही शक्यता असतेच. पण तुमच्यासारख्या बाईला यातला तुकड्यांचा भाग फार मोलाचा आहे. कामाच्या सहा दिवसांचा तुमचा हिशेब तासाभराचा होतो. त्यात रविवारची सकाळ धरली की दोन तास भरले.

म्हणून येऊरला जरूर जा. यजमानांनी आपणहून काढलेला विषय आहे, तो सोडू नका. इतकं लांब जायचं नसेल तर तुमच्या पूर्वेलाच भोपरची टेकडी आहे. पण येऊर हे अंगणाला उत्तर होत नाही. शहरातली झाडं माणसाच्या उपयोगी पडतात ती जवळ असली तर. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोपीय विभागाने शहरांसाठी जो ढोबळ दंडक सुचवलाय, तो घरापासून ३०० मीटरच्या आत, म्हणजे पाचेक मिनिटांच्या चालीवर, किमान अर्धा ते एक हेक्टर सार्वजनिक हिरवी जागा असावी असा आहे. आपल्याकडे किती वस्त्यांच्या नशिबी तेवढं आहे? तुमचं अंगण त्या मापात कुठेच बसत नाही, मला कल्पना आहे. पण मोठी बाग जवळ नसेल तर या एवढ्याशा अंगणावरच सगळा भार येतो. आणि ७६ वर्षांच्या माणसाच्या दृष्टीने ३०० मीटर म्हणजे फेरीवाले चुकवत, फूटपाथ नसलेल्या रस्त्याने, समोरून येणाऱ्या रिक्षांकडे बघत जायचं अंतर. तुमच्या सासऱ्यांना जिना उतरला की जांभूळ आहे. येऊरला ते किती वेळा जातील?

तुम्ही सासऱ्यांबद्दल लिहिलेलं एकच वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. सासूबाई गेल्यापासून ते खाली बसायला लागले. जोडीदार गेलेल्या पुरुषांची आपल्याकडे फार अवघड स्थिती होते. घरात त्यांच्याशी बोलायला वेळ असलेलं कुणी नसतं आणि शेजारच्या घरी उगाच जाऊन बसायची त्यांना सवय नसते. कुणाच्या दारात ‘मला एकटं वाटतंय’ म्हणून उभं राहता येत नाही. झाडाखाली मात्र काही न सांगता खुर्ची टाकता येते. चौघं बसले की रक्तदाबाच्या गोळ्यांची किंमत निघते, पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याची तारीख निघते, कोण दोन दिवस दिसला नाही याची चौकशी होते. ही चौकशी एखाद्याचा जीव वाचवू शकते. पेव्हर ब्लॉकवर, दोन बंपरांच्या मधे, उन्हात कुणी खुर्ची टाकणार नाही. ते चौघं आपापल्या घरात टीव्हीसमोर बसतील, आणि यात काही बिघडलंय हे सोसायटीत कुणाच्या ध्यानातही येणार नाही.

आता शेजार बिघडण्याचं. शिकागो शहरात रॉबर्ट टेलर होम्स नावाची सरकारी वसाहत होती. गरीब कुटुंबांसाठी बांधलेल्या सोळा-सोळा मजल्यांच्या एकसारख्या २८ इमारती. बांधल्या तेव्हा भोवती झाडं आणि हिरवळ होती. पुढे धूळ नको आणि देखभालीचा खर्च नको म्हणून बऱ्याच ठिकाणी फरसबंदी झाली. तुमच्या कमिटीची आणि त्या व्यवस्थापनाची कारणं किती जवळची आहेत बघा. काही इमारतींपुढची झाडं मात्र टिकली. इलिनॉय विद्यापीठाच्या फ्रान्सिस कुओ आणि विल्यम सलिव्हन यांना हे अभ्यासाला फार सोयीचं वाटलं, कारण इथे हिरवळ आवडते म्हणून कुणी अमुक इमारत निवडलेली नव्हती. घरं वसाहतीच्या प्रशासनाने वाटली होती. माणसं सारखी, इमारती सारख्या, फरक फक्त खालच्या जागेचा. १९९८ साली त्यांनी निष्कर्ष मांडले. जिथे झाडं होती तिथे लोक खालच्या जागेत जास्त येत, शेजाऱ्यांना जास्त ओळखत, अडीनडीला एकमेकांना जास्त धरून असत. ओक्याबोक्या फरसबंद जागांभोवती हे कमी होतं. शिकागोतल्याच आयडा बी. वेल्स या दुसऱ्या वसाहतीत २००१ साली त्यांना असंही आढळलं की झाडं असलेल्या इमारतींत गुन्ह्यांच्या नोंदी कमी होत्या.

तेव्हा झाडं राखायची तर शेजार तुटणार, ही मांडणीच मला मान्य नाही. तुमच्या सोसायटीतला जो काही शेजार आहे, तो बराचसा त्या अंगणात तयार झालाय. सेक्रेटरींच्या पत्नींशी तुमची ओळख कुठे झाली, आठवून बघा. जिन्यात की खाली?

पण एक गोष्ट स्पष्ट सांगते. व्हॉट्सॲप ग्रुपवरचा वाद आजपासून बंद करा. तिथे कुणाचंही मत बदलत नाही, प्रत्येक जण आपल्या बाजूला आणखी घट्ट चिकटतो. त्याऐवजी सेक्रेटरींच्या घरी जा, आणि कमिटीची गाऱ्हाणी खरी आहेत हे आधी मान्य करून बोला. कारण ती खरी आहेत. जूनमध्ये जांभळाखाली काय होतं हे ज्याने पाहिलंय त्याला विचारा. रात्री वटवाघळं फळं खाली पाडतात, सकाळी फरशीवर जांभळा चिखल असतो, चपलेचा तळवा चिकटतो, घोंघावणाऱ्या माश्या असतात, आणि पांढऱ्या गाडीच्या टपावर पक्ष्यांनी सोडलेले जांभळे ठिपके उन्हात वाळून बसतात. वय झालेलं कुणी त्या चिखलावरून घसरलं तर खुब्याचं हाड मोडायचं. ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

फक्त हे सगळं चालतं तीन-चार आठवडे. तेवढ्यापुरती फांद्यांखाली हिरवी शेडनेट बांधली तर फळं जाळीत पडतात आणि चांगली राहतात, वाटीवाटीने घरोघर देता येतात. झाडणाऱ्या माणसाला त्या महिन्यात जास्तीचे पैसे द्यायचे. ही वर्गणी तुम्ही आणि आणखी पाच-सहा घरं उचलतो, असं लेखी द्या. पावसाळ्याआधी रीतसर परवानगी घेऊन फांद्यांची छाटणी करून घ्यायचा मुद्दाही तुम्हीच मांडा. आणि गटाराबद्दल एक निरीक्षण सांगते. गटाराच्या जाळीवर जाऊन बसतात ती पानं बहुतेक बदामाची असणार. देशी बदाम वर्षातून साधारण दोनदा पानं गाळतो आणि त्याचं एकेक पान हाताच्या पंजाहून मोठं असतं. कमिटी तोडायला निघालीय जांभळं आणि ठेवणार आहे बदाम. जांभळं गेली तरी गटार तुंबणारच आहे. बदाम तोडा असं मी मुळीच म्हणत नाही. जाळीवर एक टोपली ठेवून आठवड्याला उपसली की काम होतं.

पार्किंगचा हिशेबही शांतपणे मांडा. गाड्या १९, नव्या जागा सात. ज्यांना मिळणार नाहीत त्यांची नाराजी आजच्यापेक्षा वाढेल, कारण आज सगळेच सारखे अडचणीत आहेत. जागा कमी आणि गाड्या जास्त असतील तर वर्षापुरत्या चिठ्ठ्या काढून वाटप करायची सोय सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांत, आहे. आधी पुढच्या बाजूला रंगाचे पट्टे मारून, दुचाकी एका भिंतीला लावून, किती गाड्या नीट बसतात ते बघू या, असा प्रस्ताव ठेवा. तो तुम्ही मांडण्यापेक्षा गाडी असलेल्या एखाद्या शेजाऱ्याकडून मांडून घेतलात, तर ‘तुमची गाडी नाही म्हणून’ हा वार आपोआप बोथट होतो. एकोणिसांत जांभळाखाली लहानाचा मोठा झालेला एक तरी असेलच. त्याला शोधा.

कायदा तुमच्या बाजूने आहे, पण तो आधी काढू नका. बोलणी फसली तरच. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ सालचा आहे. स्वतःच्या आवारातलं झाडसुद्धा महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. सभेने एकमताने ठराव केला तरी नाही. अर्ज आला की वृक्ष अधिकाऱ्याने पाहणी करायची, जाहीर नोटीस द्यायची, ती झाडावरही लावायची, आणि हरकती ऐकायच्या, असा क्रम आहे. कायद्याच्या भाषेत झाडाला जाळणं किंवा कुठल्याही प्रकारे इजा करणं हेही तोडण्यातच मोडतं. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना हेरिटेज झाडांचा दर्जा दिला. तुमची जांभळं इमारतीच्या आधीपासून उभी आहेत का, हे सासऱ्यांना विचारून ठेवा. जुना फोटो सापडला तर उत्तम.

आणखी एक कागद बघायला मागा, तो म्हणजे सोसायटीचा मंजूर नकाशा. मागची जागा त्यात खुली जागा किंवा मनोरंजनाचं मैदान म्हणून दाखवलेली असेल, तर नुसत्या सभेच्या ठरावाने तिचं वाहनतळ होत नाही. पुनर्विकासात सगळं जाणारच आहे, मग आत्ता कशाला अडता, असंही कुणी तरी म्हणेल. त्याला सांगा की मुंबईतल्या कोहिनूर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली तिथल्या तेव्हाच्या नियमांचा अर्थ लावताना, रहिवाशांच्या मनोरंजनाची किमान मोकळी जागा जमिनीवरच हवी, पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या मजल्यांवरच्या गच्चीवर, दाखवून चालणार नाही, असं म्हटलं होतं. तुमच्याकडचे नियम वेगळे आहेत, पण पुनर्विकासाची बोलणी सुरू होतील तेव्हा जमिनीवरची माती मागायला हे माहीत असलेलं बरं. आज उभी असलेली मोठी झाडं नकाशावर नोंदवून घ्यायचीही ती वेळ असेल.

समजा, इतकं करूनही पेव्हर ब्लॉक आलेच. मग निदान बुंध्याभोवतीची माती सोडवून घ्या. मुळांना हवा आणि पाणी वरूनच मिळतं. बुंध्यापर्यंत काँक्रीट भरलं की झाड लगेच मरत नाही. ते हळूहळू सुकत जातं आणि मग एखाद्या वादळी पावसात आडवं होतं. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. बकुळीला टाइल्सचा जो कट्टा घालायचं चाललंय, तो याच कारणासाठी मला नको वाटतो. आत मातीची भर घालून बुंधा दाबला जातो आणि उन्हात तापलेल्या टाइल्सवर बसायलाही कुणी येत नाही. लाकडी बाकं ठेवा, पाठ टेकता येईल आणि हात धरून उठता येईल अशी. ज्येष्ठांना कारंजी आणि शोभेच्या कुंड्या लागत नाहीत. सावली, पाठ टेकायला जागा आणि जवळ स्वच्छतागृह, एवढं त्यांना पुरतं. तोडलेल्या जांभळांच्या बदल्यात दहा रोपं लावू असं कुणी म्हणालं, तर रोपं जरूर लावा, पण बदल्यात नको. आज लावलेलं जांभूळ तुमच्या मुलीला सावली देईल. सासऱ्यांना नाही.

तुमच्याबद्दल एक राहिलं. झाडाखाली बसून उतरते ती थकव्याची चिडचिड. पण झोप उडालीय, भूक मेलीय, कशातच मन लागत नाही, असं दोन आठवड्यांच्या वर चाललं असेल, तर ते झाडावर सोपवू नका. डॉक्टरांना भेटा. केंद्र सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करून मराठीतही बोलता येतं, पैसे पडत नाहीत. सासऱ्यांच्या बाबतीतही हेच लक्षात असू द्या.

आता सभेचं. तुमचे यजमान दर वेळी जातात, पण सभासद सासरे आहेत. सहकारी संस्थेच्या सभेत दुसऱ्याच्या वतीने मत देता येत नाही. यजमानांची सहयोगी सभासद म्हणून नोंद नसेल, तर त्यांना हात वर करण्याचा हक्कच नाही. तेव्हा नोटीस आणि विषयपत्रिका सासऱ्यांच्या हातात द्या, त्यांना चष्मा लावून वाचू द्या. बाकीच्या तिघांच्या घरी फ्लॅट कुणाच्या नावावर आहेत, तेही चार वाजता खाली विचारून घ्या. चौघांनी सभेला एकत्र जावं, पुढच्या रांगेत बसावं, आणि तिथे आपण रोज काय करतो ते स्वतःच्या तोंडाने सांगावं. त्यांचं म्हणणं इतिवृत्तात लिहून घ्यायला सेक्रेटरींना सांगा आणि पुढच्या सभेत ते वाचून दाखवलं जातंय ना, बघा.